हाताने गोधडीकाम शिकताना: लहान वस्तूंपासून सुरुवात करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्यात शेवया, सरगुंडे, पापड वाळून डब्यात गेले की आमच्या यवतमाळकडच्या गावांत दुपारी ओसरीवर गोधड्या अंथरल्या जातात. बघणाऱ्या पोरींनाही शिवावंसं वाटतं. पण पहिल्याच खेपेला अख्खी गोधडी हाती घेतली की ती अर्ध्यात सुटते, घडी होऊन माळ्यावर जाते आणि "आपल्याला काही जमत नाही" असं मनात पक्कं बसतं. म्हणून शिकायला येणारीला मी आधी वीतभर काम देते. ते पुरं करून घेते, मगच पुढचं. येणाऱ्या सगळ्या जणी जे विचारतात ते इथे एकत्र लिहिलं आहे.

पहिल्यांदा नेमकं काय शिवायला घ्यावं?

गरम भांड्याखाली ठेवायची चौकोनी गादी. आठ इंच लांब, आठ इंच रुंद. एवढ्याशा चौकोनात गोधडीचं सगळं काम येतं: थर लावणं, कच्चे टाके, धावदोरा, कोपरे, कडेचा गोट. दोन-चार दुपारीत हातावेगळी होते आणि त्याच दिवशी वरणाच्या गंजाखाली, म्हणजे भांड्याखाली, जाते. वापरात आलेली वस्तू दुसरी शिवायला लावते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

एकसारख्या दोन शिवा. पहिली संपली की लगेच दुसरी घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. हात किती सुधारला ते कुणी सांगावं लागत नाही.

त्यानंतर बसकर, म्हणजे पाटावर किंवा जमिनीवर टाकायचं सोळा-अठरा इंचांचं आसन. मग बटवा किंवा मोबाइलची पिशवी. पिशवीत घडी, बाजूची जोड आणि तोंडाची नाडी हे जास्तीचं काम असतं, म्हणून ती सुरुवातीला नको. बाळाचं दुपटं सगळ्यात शेवटी, कारण ते लहान दिसत असलं तरी तीस बाय छत्तीस इंचांचं असतं आणि त्यात पहिल्या गादीच्या सोळा-सतरा पट काम असतं.

जुनं कापड चांगलं की नवीन?

जुनं. इथे मी ठाम आहे. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीतून सुई आपोआप सरकते. नव्या कापडाला खळ असते, ते आटतं, रंग सोडतं आणि टाक्याला अडतं. शिकणाऱ्या हाताने जुन्या कापडावर शिकावं. पैसेही लागत नाहीत.

अडचण अशी की आता घरोघरी सुती साड्या कमी आणि सिंथेटिक जास्त. आजीची लुगडी, आजोबांची धोतरं ज्यांच्या पेटीत असतील त्यांचं काम सोपं. नसतील तर जुन्या सुती चादरी, ओढण्या, लेंगे, उशीचे अभ्रे, परकर शोधा. परकर बहुधा सुती असतो आणि त्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. शाळेचे गणवेश आणि शर्ट बरेचदा टेरिकॉटचे असतात, ते बाजूला ठेवा. टी-शर्टचं कापड ताणतं, तेही नको. जीन्सचे दोन थर एकत्र आले की हाताने सुई जात नाही.

कापड सुती आहे की नाही याची शंका असेल तर कडेचे दोन-चार धागे काढा, चिमट्यात धरा आणि दिव्यावर जाळा. सुती धागा भुरकन जळतो, कागद जळाल्याचा वास येतो आणि मागे भुसभुशीत राख उरते, बोटाने चोळली की उडून जाते. पॉलिस्टरचा धागा आधी आकसतो, मग वितळतो आणि थंड झाल्यावर टोकाला कडक मणी राहतो. मिश्र धाग्यात थोडं हे थोडं ते दिसतं. गरम भांड्याखालच्या गादीत सिंथेटिक एक थरही घालू नका, वितळून भांड्याला चिकटेल.

शेवटी मजबुती बघा. कापड उजेडाकडे धरा. जिथे विरळ दिसतं तिथे दोन्ही अंगठ्यांनी आडवं ओढा. टरकन फाटलं तर ते वरच्या थराला कामाचं नाही, आतल्या थरात मात्र छान चालतं.

नवीनच कापड घ्यायचं असेल तर?

मांजरपाट किंवा साधी खादी घ्या. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात खादी मिळते. १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते उघडलेली ही जागा आहे, वर्ध्याला गेलात तर कापडाच्या निमित्ताने तीही पाहून या. कापड घरी आणलं की कापण्याआधी धुवा, खळ निघेपर्यंत. न धुता शिवलं तर पहिल्या धुण्यात आतला जुना थर जसाच्या तसा राहतो, वरचा नवा आटतो आणि गादी वाटीसारखी वर उचलते.

लाल, मरून, गर्द निळा रंग असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा चोळून बघा. फडक्याला रंग लागला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत वेगळं धुवा. मीठ टाकलं म्हणजे रंग पक्का झाला असं धरून चालू नका.

आम्ही कापूस पिकवतो. शेतातला कापूस आत भरता येईल का?

विदर्भात हा प्रश्न येणारच. घरात कापसाचा ढीग पडलेला असताना भरायला विकत काही का आणायचं?

वेचलेल्या कापसात सरकी असते आणि वजनाचा मोठा वाटा तिचाच असतो. एक किलो कापसातून रुई निघते साधारण ३३० ते ३५० ग्रॅम. लहान गादीला मूठ-दोन मुठी रुई पुरते, तेवढी सरकी हाताने काढता येते. बोटांनी बोंडाची पाकळी उलगडायची, सरकी ओढून टाकायची, पत्तीचा कचरा वेचायचा. खरं काम पुढे आहे. रुई पिंजून सारखी, पातळ पसरावी लागते. गुठळी राहिली तर ती वरून दिसते आणि सुईला अडते.

आणखी एक गोष्ट म्हणजे सुट्या रुईला जागेवर धरून ठेवणारं फक्त तुमचे टाके असतात. दोन ओळींत अंतर जास्त राहिलं तर दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यात रुई एका कोपऱ्यात गोळा होते आणि मधे नुसतं कापड राहतं. म्हणून रुई भरलीत तर ओळी एक-एक इंचावर घाला आणि ती वस्तू कमी धुवायची असू द्या, जसं बसकर.

पहिल्या गादीला माझं सांगणं एकच: आतही जुनं कापडच घाला. साडीचे तीन-चार पातळ थर, किंवा जुन्या टॉवेलचा एक थर. साडीचे थर जागचे हलत नाहीत, धुतलं की लवकर वाळतात. हातात धरून बघा, सुई दोन बोटांच्या जोराने आरपार गेली पाहिजे. रेटावी लागत असेल तर एक थर काढा. स्पंज, थर्माकोल, उशीत भरतात ते फायबर गरम भांड्याखाली चालणार नाही.

सुई आणि दोरा कोणता?

आठवडी बाजारात मिळणाऱ्या लहान-मोठ्या सुयांच्या पुडीतली सगळ्यात लांब सुई बायका उचलतात. उलट करा. आखूड सुई घ्या, ती थरांत वाकत नाही आणि टाका आपोआप लहान पडतो. हातशिलाईच्या सुयांवर नंबर असतो. नंबर वाढतो तशी सुई बारीक आणि आखूड होते. सुरुवातीला ७ किंवा ८ बरी. दाभण पोत्यासाठी ठेवा.

दोरा सुती हवा. मशीनच्या रिळाचा बारीक पॉलिस्टर दोरा जुन्या मऊ कापडाला हळूहळू कापतो, म्हणून टाळा. गोधडीचा जाड सुती दोरा मिळाला तर उत्तम. नाही तर भरतकामाची लडी घ्या. तिच्यात सहा पदर असतात, त्यातले दोन किंवा तीन वेगळे करून वापरा. दोऱ्याची लांबी कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, म्हणजे साधारण अठरा इंच. सारखं ओवायला नको म्हणून लांब दोरा घेतला की तो पिळतो, गाठी पडतात आणि कापडातून पुन्हा पुन्हा ओढून मधेच झिजतो. मधमाशीच्या मेणाचा खडा असेल तर दोरा त्यावरून एकदा ओढून घ्या, गुंता कमी होतो.

अंगुस्ताना, म्हणजे शिवताना बोटात घालायची टोपी, घ्याच. सुईची मागची बाजू ढकलणाऱ्या मधल्या बोटात घालायचा. पहिल्या दिवशी अडचण वाटते, काढून टाकावासा वाटतो. आठवडाभर घातला की त्याच्याशिवाय करमत नाही.

रिंग किंवा फ्रेम लागते का?

लहान वस्तूला नाही.

थर कसे लावायचे? शिवताना सरकतात.

सरकतात कारण कच्चे टाके घातलेले नसतात. हे काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं तेच सगळ्या जणी टाळतात.

पाट किंवा फरशी पुसून घ्या. सगळ्यात खालचं कापड उलटं अंथरा, चांगली बाजू जमिनीकडे. हाताने मधून कडेकडे सपाट करा. त्यावर आतले थर एकेक करून, प्रत्येक थराची चुणी काढत. जाड शिवण, उसवलेला काठ, जुनी तुरपाई आत येऊ देऊ नका, आधीच कापून टाका. वर चांगलं कापड, चांगली बाजू आकाशाकडे. खालचं कापड चारी बाजूंनी इंचभर मोठं ठेवलंत तर पुढे कडेचं काम सोपं जातं.

मग वेगळ्या रंगाचा दोरा घ्या, नंतर काढताना दिसायला हवा. मधोमध सुरू करून एक ओळ डावीकडे, एक उजवीकडे, एक वर, एक खाली. टाके बोट-बोट लांबीचे, ओळींमध्ये तीन-चार बोटांचं अंतर. दोरा ओढायचा नाही, नुसता ठेवायचा. टाचण्यांवर भागवू नका. पावसाळी हवेत त्या गंजतात आणि डाग कायमचा राहतो.

मोठ्या गोधडीला चार कोपऱ्यांवर वरवंटा, पाटा, जे जड मिळेल ते ठेवतात. लहान कामाला पितळी तांब्याही पुरतो.

धावदोरा नीट कसा घालायचा?

इथे जरा सावकाश वाचा, बाकी सगळं याच्यावर आहे.

दोऱ्याच्या एका टोकाला एक लहान गाठ मारा. जिथून सुरुवात करायची तिथून अर्धा इंच लांब, फक्त वरच्या थरात सुई घाला आणि सुरुवातीच्या जागी वर काढा. आता दोऱ्याला हलका झटका द्या. "टक्" करून गाठ कापडाच्या आत जाते. पाठीमागे ती दिसत नाही, धुताना सुटत नाही. पहिल्यांदा हे जमलं की पोरींच्या चेहऱ्यावर जो आनंद येतो तो बघण्यासारखा असतो.

मग सुई खाली, सुई वर. डावा हात कापडाच्या खाली ठेवा, त्याचं मधलं बोट सुई येईल तिथे. सुईचं टोक बोटाला नुसतं टेकलं की समजायचं, सगळे थर पार झाले. लगेच खालच्या बोटाने कापड किंचित वर उचला आणि वरच्या हाताने सुई आडवी करून पुन्हा वर आणा. वरच्या हाताचा अंगठा सुई निघायच्या जागेच्या पुढे कापड दाबून धरतो. हात हलतो थोडा, कापड हलतं जास्त. असे दोन-तीन टाके सुईवर जमले की मगच दोरा ओढा. सुरुवातीला एकेक टाका घेतलात तरी हरकत नाही.

टाका किती मोठा? ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि मधली जागाही तेवढीच. इंचात तीन, हात बसला की चार. बारीक टाक्याच्या मागे लागू नका. सारखा टाका मोठा असला तरी सुंदर दिसतो, बारीक पण वाकडातिकडा टाका डोळ्याला खुपतो. आमच्याकडची एक म्हातारी मावशी शिकणाऱ्या पोरींना म्हणते, "कायले घाई करून रायली वं पोरी, टाका बसू दे." एवढंच म्हणते, आणि बरोबर म्हणते.

अधूनमधून पालथं करून बघा. वर टाका दिसतो आणि खाली दिसत नाही, म्हणजे सुई तिरपी जात आहे आणि खालचा थर सुटतो आहे. तेवढे टाके उसवून परत घाला. दोरा वीतभर उरला की शेवटच्या टाक्यावर दोन बारीक उलटे टाके घ्या, सुई थरांच्या मधून इंचभर पुढे काढा आणि दोरा कापडालगत कापा.

रेघ सरळ यावी म्हणून आखून घ्या. कपडे धुवायच्या साबणाची झिजलेली चिपटी गडद कापडावर उत्तम रेघ मारते आणि धुतली की जाते. बॉलपेन वापरू नका.

मधे फुगा येतो, कडेला चुण्या पडतात. काय चुकतं?

बहुतेक वेळा दोरा जास्त ओढला जातो. ओळ संपली की कापड दोन्ही हातांनी हलकं ताणून बघा. दोरा तुटेल असं वाटलं तर तो घट्ट आहे. दर ओळीला एवढं केलं तरी निम्मी तक्रार मिटते.

दुसरं कारण दिशा. एक ओळ डावीकडून उजवीकडे आणि पुढची उजवीकडून डावीकडे घातली की थर उलटसुलट ओढले जातात. जमेल तेव्हा सगळ्या ओळी एकाच बाजूने सुरू करा.

मधून बाहेर जायचं की कडेने आत यायचं, यावर दोन्ही रीती चालतात. आपल्याकडच्या जुन्या गोधड्यांत कडेने फिरत फिरत चौकोनात चौकोन घालत मध्यापर्यंत येतात. कर्नाटकात उत्तर कन्नड भागातल्या सिद्दी समाजाच्या बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, तशीच कडेकडून आत येते, आणि त्या प्रत्येक कोपऱ्यावर घडी घातलेले त्रिकोण लावतात, त्यांना फुला म्हणतात. त्या हातांना वर्षानुवर्षांची सवय असते, पुढे येणारी चुणी त्या आधीच ओळखून दुमडून टाकतात. नव्या हाताला मधून बाहेर जाणं सोपं, कारण जास्तीचं कापड कडेला निघून जातं आणि तिथे कापता येतं.

रंगीत तुकडे जोडायचे असतील तर?

दोन मार्ग आहेत. पहिला घरगुती: सलग कापडावर ठिगळं मांडायची, प्रत्येकाची कड पाव इंच आत दुमडायची आणि धावदोऱ्याने सगळ्या थरांतून एकदमच शिवायचं. मांडणी मनासारखी बदलता येते आणि वेडेवाकडे तुकडेही खपतात.

दुसरा मार्ग मोजमापाचा. आठ इंचांच्या गादीला साडेचार इंचांचे चार चौकोन कापा. पुठ्ठ्याचा एक साचा करून त्यानेच चारही कापले तरच कोपरे जुळतात. दोन-दोन चौकोन चांगल्या बाजू समोरासमोर ठेवून कडेपासून पाव इंच आत शिवा, मग दोन्ही जोड्या मधल्या शिवणी भिडवून शिवा. साडेआठ इंचांचा चौकोन तयार होईल आणि कडेचे पाव-पाव इंच गोटात गेले की आठ उरेल. पहिल्या गादीला दोनच रंग घ्या, एक फिकट, एक गडद.

कडेला गोट कसा लावायचा?

सगळ्यात सोपं म्हणजे खालचं इंचभर जास्त ठेवलेलं कापड वर दुमडायचं. अर्धा इंच आत घडी, पुन्हा अर्धा इंच वर, आणि बारीक तुरपाई. आधी दोन समोरासमोरच्या बाजू, मग उरलेल्या दोन. कोपऱ्यात कापडाची गाठोळी झाली तर आतलं थोडं कापा, पण टोकापर्यंत नको.

वेगळी पट्टी हवी तर दोन इंच रुंद कापा. आठ इंचांच्या गादीला चार बाजू मिळून बत्तीस इंच, जोड आणि कोपऱ्यांसाठी पाच-सहा इंच जास्त. सरळ कडेला सरळ पट्टी चालते. उरेब, म्हणजे तिरपी कापलेली, पट्टी गोल कडेलाच लागते.

साडीचा काठ गोटाला लावायची आपली जुनी रीत फार देखणी आहे. काठ घट्ट विणीचा असतो, कड लवकर झिजत नाही. फक्त जरीचा काठ गरम भांड्याखाली नको, बटव्याला लावा.

शेतीच्या कामात वेळ कधी काढायचा?

पेरणी-निंदणाच्या दिवसांत काढूच नका. वेचणीच्या दिवसांतही कठीण, कारण वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी बोटं खरचटलेली असतात आणि दोरा त्या खरखरीत कातडीला अडकतो. तेव्हा रात्री झोपताना हाताला खोबरेल लावा आणि सुईचं काम ठेवून द्या.

उन्हाळ्याच्या दुपारी खऱ्या आपल्या. विदर्भात तेव्हा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, बाहेर कुणी पडत नाही. घामाने सुई चिकटते, त्यासाठी शेजारी कोरडं फडकं आणि चिमूटभर पावडर ठेवा. लाल किंवा काळ्या कापडाचं काम दिव्याखाली करू नका, डोळे दुखतात. लाइटचा भरवसाही नसतो. ओसरीवरचा उजेड पुरेसा असतो, उजव्या हाताने शिवत असाल तर तो डावीकडून यावा. अर्ध्या-पाऊण तासाने उठा, मान फिरवा, बोटं उघडझाप करा.

सगळं सामान एका डब्यात आणि काम फडक्यात गुंडाळून खुंटीला. दहा मिनिटं मिळाली तर एक ओळ होते.

मशीनवर पाच मिनिटांत होतं, मग हाताने का?

मशीन वाईट नाही. पिशवीच्या बाजूच्या जोडीला मी स्वतः मशीन वापरते. पण हाताचा धावदोरा सैल असतो, त्यामुळे जुनं कापड श्वास घेतं, मऊ राहतं आणि प्रत्येक टाक्याभोवती बारीक लाट उठते. मशीनची टीप तेच कापड आवळून पुठ्ठ्यासारखं कडक करते. शिवाय जुनं, विरलेलं कापड मशीनच्या दातांत फाटतं.

ठिगळांचं काम म्हणून घरचे हसतात. काय करू?

हा प्रश्न विचारणाऱ्या बहुतेक नव्या सुना असतात आणि आवाज खाली करून विचारतात. त्यांना मी आपल्याच मातीतली आठवण देते. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेले गाडगे महाराज आयुष्यभर चिंध्या जोडलेलं वस्त्र अंगावर घालून फिरले. लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. आज अमरावतीचं विद्यापीठ त्यांच्या नावाने आहे. ठिगळाची लाज विदर्भाने तरी बाळगू नये.

घरच्यांशी वाद घालू नका. सासूबाईंच्या जुन्या पातळाचा तुकडा मागा, त्यांच्या समोर बसून शिवा. त्या दोन मिनिटांत "असं नाही वो, असं धर" म्हणत स्वतः सुई हातात घेतात. बहुतेक घरांत गोधडी शिवता येणारं माणूस असतंच, विचारणारं नसतं.

पोरांना शिकवता येईल का?

जरूर, मुलांनाही आणि मुलींनाही. सात-आठ वर्षांच्या पोराला बारदान्याचा तुकडा, बोथट दाभण आणि लोकर द्या. बारदान्याची भोकं दिसतात, खाली-वर लगेच कळतं.

बाळाच्या दुपट्याला वेगळं काय बघायचं?

फक्त मऊ, सुती, अनेकदा धुतलेलं कापड. दोन किंवा तीन थर, जास्त नाही. गाठी सगळ्या आत. टिकल्या, बटणं, जर, झालर काहीही नको. शिवून झाल्यावर गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. दुपटं बाळाच्या खाली अंथरायला किंवा कुशीत घेताना गुंडाळायला वापरा. झोपलेल्या बाळाच्या तोंडावर येईल असं जाड पांघरूण नको. आणि शिवून झाल्यावर सगळ्यावरून हात फिरवा, एखादी सुई किंवा टाचणी आत राहिलेली नाही ना. घेतलेल्या सुया मोजून ठेवायची सवय इथेच लागते.

धुवायचं कसं?

पहिल्यांदा एकटंच, थंड पाण्यात. मोगरीने बडवू नका, दोरे तुटतात. पिळायचं नाही, दाबून पाणी काढायचं. सावलीत पालथं वाळवा. मे महिन्यातलं आपलं ऊन रंग पार उडवतं, आणि तेवढ्या उन्हाची गरजही नसते, सावलीतही लवकर वाळतं.

विकता येईल का?

येईल, पण पहिल्या काही वस्तू विकू नका. त्या घरात वापरा आणि कुठे दोरा सुटतो, कुठे रंग जातो ते बघा. तेच पुढच्या वस्तूला कामी येतं.

किंमत ठरवताना बायका कापड आणि दोरा मोजतात, वेळ मोजत नाहीत. घड्याळ लावून बघा एका बसकराला किती तास जातात. त्या तासांना निंदणाच्या मजुरीचा भाव लावा. आकडा मोठा येतो आणि धसका बसतो, पण खरा आकडा तोच. त्याहून कमीत मागणाऱ्याला नाही म्हणायला शिका. मशीनवर टीप मारलेली बसकरं बाजारात स्वस्त मिळतात, त्यांच्याशी भावात स्पर्धा होणार नाही. ज्याला हातकाम हवं त्याच्याकडेच जावं लागेल. त्यासाठी एकट्या बाईपेक्षा बचत गट बरा. सरकारचं उमेद अभियान किंवा १९७५ पासून काम करणारं महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, यांच्या गटांना तालुक्या-जिल्ह्याच्या प्रदर्शनांत जागा मिळू शकते. गावातल्या गटाच्या ताईंना आधी विचारा.

ज्यांना विकायचं नाही त्यांनी विकण्याचं मनावर घेऊ नये. बहिणीच्या घरभरणीला स्वतः शिवलेल्या दोन गाद्या नेल्या तर ते काम पुरेसं मोठं आहे.

फाटलं तर फेकायचं का?

नाही. विरलेल्या जागेवर थोडं मोठं ठिगळ ठेवा, कड दुमडा, आजूबाजूच्या चांगल्या कापडात अर्धा इंच जाईल असे टाके घाला. फारच जुनं झालं तर तेच नव्या गादीच्या पोटात जातं.

मग मोठी गोधडी कधी सुरू करू?

दोन गाद्या, एक बसकर आणि एक पिशवी वापरात आली की. तोपर्यंत सुती साड्या जमवत राहा. साधी साडी साडेपाच मीटरच्या आसपास लांब असते. तिची लांबीत तीन पदरी घडी घातली की सहा फूट लांब आणि साडेतीन फुटांहून थोडं जास्त रुंद अंथरूण होतं, म्हणजे एका साडीत तीन थर. दोन साड्यांत सहा थरांची, एका माणसाची गोधडी होते. वरची साडी न विरलेली घ्या, खालची मऊ. ओळी दोन-दोन बोटांवर घातल्या तरी चालतील. चैत्रात अंथरली तर रोज दुपारी थोडं बसून मृगाच्या आधी ती पुरी होते, आणि पुढची थंडी पडायच्या आत एकदा धुऊनही निघते.